लटारूभाऊंची गवळण

लोकांचे आवाज पुसणं हा सिंदेवाहीच्या भूपेशचा रोजचा धंदा होता. लग्नाच्या शूटिंगमध्ये मामा पोरांवर खेकसतो, वाढपी भांडतात, माइक किंचाळतो. ते सगळं काढून वर सिनेमाची गाणी चढवायची, ही इकडची रीतच. कुठे खरा आवाज राहून गेला, तर गिऱ्हाईक दारात हजर. "भाऊ, गाने काऊन नाई टाकले?"

२००९ साली त्याने चंद्रपूरच्या नेट कॅफेतून पेनड्राइव्हवर एक एन्कोडर, म्हणजे व्हिडिओ लहान करणारा प्रोग्राम, आणला. ओपन सोर्स, म्हणजे फुकट आणि तेही राजरोस. तो प्रोग्राम पठ्ठ्या आधी एक फाइल सापडत नाही म्हणून अडून बसला; ती आणायला पुन्हा एसटीने चंद्रपूर. पण एकदा चालला आणि भूपेश हरखलाच. धिप्पाड व्हिडिओ सुकलेल्या भाजीसारखे एवढेसे होऊन निघत. मग त्याने आपल्या सोयीची सेटिंग करून ठेवली, तिला 'लग्न' असं नाव दिलं आणि आवाज कायमचा बंद करून टाकला. गाणी तर नंतर चढवायचीच होती.

आता लटारूभाऊ. दंडारीत, म्हणजे इकडच्या गावच्या लोकनाट्यात, गवळण म्हणावी ती त्यांनीच, असं अख्खी पंचक्रोशी म्हणायची. त्या माणसाचा तंबाखू-सुपारीच्या खर्ऱ्याने घात केला. नागपूरला कॅन्सरचं ऑपरेशन झालं, अर्धी जीभ आणि जबडा गेला. तेव्हापासून शरमेने त्यांनी साधा हुंकार दिला नव्हता. त्यांचा गळा आता एकाच ठिकाणी उरला होता. त्यांच्या बायकोचा, गुणाबाईचा भाऊ घुग्घुसच्या खाणीत होता. त्याने फार वर्षांपूर्वी कुणाचा तरी कॅमेरा मागून आणून भाऊबीजेच्या दंडारीची कॅसेट काढली होती. ती लुगड्यात गुंडाळून गुणाबाई भूपेशकडे आली.

"घरी नात झाली बापू. तिले आज्याचा गळा आयकवाचा हाये."

कॅसेटला बुरशी चढली होती. एकदा चालली, कॉम्प्युटरवर उतरली, आणि मागे नेताना व्हीसीआरने पट्टी चावून तिच्या चिंध्या केल्या. भूपेश घाबरला नाही, उतरली होती ना. लग्नसराईची घाई होती. त्याने दंडारीची फाइल लग्नांच्याच रांगेत ढकलली, 'लग्न' दाबलं, आणि झाल्यावर जागेसाठी मूळ फाइल उडवून दिली. नवी फाइल उघडून पाहिली, चित्र झकास होतं. या कामाला स्पीकर लावायची त्याला सवयच नव्हती.

ठरल्या दिवशी दोघं स्टुडिओतल्या बाकावर येऊन बसली. पडद्यावर तरणे लटारूभाऊ डोक्यावर पदर घेऊन उभे राहिले. ढोलकीवर थाप पडली, ओठ हलले. आवाज नाही.

भूपेशने बटण फिरवलं, वायर हलवली. मग त्याला 'लग्न' आठवलं आणि त्याच्या पायाखालची जमीन सरकली. आता कुठे शोधायचं? कॅसेट नाही, मूळ फाइल नाही, काहीच नाही.

"बोलत काऊन नाई हे?" गुणाबाईने विचारलं.

त्याने काय झालं ते सांगून टाकलं. भेदरलेला माणूस काय बोलून बसेल याचा नेम नसतो. "काकू, मी याच्यावर एखादं चांगलं गानं टाकून देतो ना," तो म्हणाला, आणि स्वतःचेच शब्द ऐकून त्याच्या अंगावर काटा आला.

गुणाबाई त्याच्याकडे बघतच राहिली. "डॉक्टरनं तं मानूस जगवासाठी कापलं. तू कायले कापलं?"

त्याला तिथून पळून जावंसं वाटलं.

लटारूभाऊंची नजर पडद्यावरून हलली नव्हती. त्यांची बोटं बाकावर ठेका धरू लागली. मग त्यांच्या घशातून काहीतरी निघालं. शब्द नव्हते, वेडंवाकडं, घोगरं, लाळेत भिजलेलं असं काही. पण पडद्यावरचे ओठ जिथे लांबत, तिथेच ते लांबत होतं.

गुणाबाईला धक्काच बसला. ऑपरेशननंतर नवऱ्याचा आवाज ती पहिल्यांदा ऐकत होती. भूपेशने घाईघाईने कॅमेरा सुरू केला. गवळण संपेपर्यंत कोणी जागचं हललं नाही.

मग तिने पदराने लटारूभाऊंची हनुवटी पुसली आणि कॅमेऱ्याकडे बोट केलं.

"याच्यावर गानं टाकू नोको."