उन्सॉलच्या मापाच्या तारा

कोरियातल्या चॉन्जूत हाताने वाद्यांच्या रेशमी तारा वळणारं आता एकच घर उरलंय, आणि त्या घरातली दोघं नवराबायको एकमेकांशी कामापुरतंच बोलतात. कुक बुन्नाम अंगणाच्या एका टोकाला धागे धरून उभी राहते आणि तिचा नवरा प्यो दोक्सू पीळ देत देत मागे सरकतो.

"ढिलं सोडू नकोस."

"तुम्ही ओढू नका म्हणजे झालं."

बस, एवढाच संसार! वळलेली तार पाइनच्या ओंडक्यावर गुंडाळायची, वाफवायची, वाळवायची. अशा बारा तारा चढल्या की मांडीवर आडवं घेऊन वाजवायचं ते कायागुम बोलायला लागतं.

त्यांची एकुलती एक लेक उन्सॉल कायागुम वाजवायची. सव्विसाव्या वर्षी रक्ताच्या आजाराने गेली, लग्नाआधीच. त्याला नऊ वर्षं झाली. आईबापांच्या आधी गेलेल्या बिनलग्नाच्या पोरीचं श्राद्ध जुनी माणसं घालत नाहीत, आणि दोक्सूइतकं जुनं माणूस त्या गल्लीत दुसरं नाही. राख नदीत सोडली, त्यामुळे कबरही नाही. पहिल्या वर्षी बुन्नामने भीत भीत विचारलं होतं, "एक वाटी भात तरी ठेवू का हो तिच्या नावाने?"

"बापाच्या घरात लेकीचं श्राद्ध? लोक थुंकतील तोंडावर. ठेवलास तर उचलून फेकीन, सांगून ठेवतो."

झालं, विषय मिटला. त्याच्या बापाचं आणि आजाचं श्राद्ध मात्र दर वर्षी यथासांग. बुन्नाम त्यांच्यासाठी मासे तळते, भाज्या परतते, नासपती सोलते आणि मनातल्या मनात म्हणते, जळली मेली तुमची रीत! तिला दुसरं काही नको होतं. एकदाच, फक्त एकदा पोरीला बोलवायचं होतं. ये, जेवून जा, असं म्हणायचं होतं. आमंत्रणच नाही तर ती येणार कशी?

आणि येत नाही म्हणावं, तर तीही खात्री नव्हती. हवा दमट झाली की कोठीत टांगलेल्या तारा आपोआप कुरकुरतात, हे बुन्नामला चाळीस वर्षांपासून माहीत आहे. तरी हल्ली तो आवाज आला की भांडी घासता घासता तिचा हात थांबायचा. "कोण गं?" ती हळूच विचारायची. तारा लगेच गप्प व्हायच्या. मग ती उरलेली भांडी घासून टाकायची.

उन्हाळा सरताना दाम्बी आली. ही उन्सॉलची जिवलग मैत्रीण, बासरी वाजवते, चांदीची, आडवी. बासरी आणि कायागुम अशी नवीन रचना तिने बांधली होती, त्यासाठी बारा तारा हव्या होत्या. बुन्नामने महिनाभर खपून दिल्या. दोन आठवड्यांनी दाम्बी परत दारात उभी.

"काकू, चौथीपासून सातवीपर्यंतच्या तारा बारीक झाल्यात. माझी जोडीदारीण म्हणते, बोटाला लागतच नाहीत."

उन्सॉलची बोटं नाजूक, म्हणून तेवढ्या चार तारांत बुन्नाम नेहमी धागे कमी घ्यायची. फक्त तिच्याचसाठी. नऊ वर्षांत हात एकदाही चुकला नव्हता, आणि आता कोणाला न विचारता त्याने उन्सॉलचं माप घेतलं होतं.

दोक्सू कडाडला, "म्हातारी झालीस की काय? साधे धागे मोजता येईनात? दे इकडे, मी पुन्हा वळतो!"

"राहू द्या, काका," दाम्बी म्हणाली. "मी बासरीवर एक ठरावीक सूर धरला ना, की त्या तारा आपल्या आपण वाजतात. कोणी हात न लावता. मी ते रचनेतच घेतलंय."

"हलक्या तारा वाजतातच. त्यात काय एवढं!" असं म्हणून दोक्सू सरपणाकडे गेला. पण सरपण त्याने सकाळीच फोडून ठेवलं होतं.

"हॉल बावीस ऑक्टोबरचा मिळालाय," दाम्बी खाली बघत म्हणाली. "दुपारी तीनला. त्या दिवशी तिची तिथी आहे, मला ठाऊक आहे. चालेल ना, काकू?"

बुन्नामने तिचा हात घट्ट धरला. चालेल का, म्हणे! हेच तिचं श्राद्ध, असं बुन्नामने तिथल्या तिथे ठरवलं.

त्या दिवशी ती निघाली तर दोक्सू पांढरा अंगरखा घालून अंगणात तयार. बापाच्या श्राद्धाला घालायचा तो.

"तुम्ही कुठे?"

"तारा बघायला. तक्रार आली तर नाव माझंच जाणार ना!"

हॉल अर्धा भरला होता. दाम्बी सूर कमी आणि श्वासच जास्त फुंकत होती. पुढच्या रांगेतली बाई पुटपुटली, "हे कसलं बाई संगीत, नुसता दमा!" बुन्नामला तो श्वास ओळखीचा होता. दवाखान्यातल्या शेवटच्या आठवड्यात तो तिने रात्रंदिवस ऐकला होता. तिने नखं तळव्यात रुतवली आणि बसून राहिली.

मग कायागुमवालीने दोन्ही हात उचलले आणि मागे घेतले. दाम्बी तारांकडे वळली, एक लांब सूर धरला आणि सोडला. बासरी थांबली. तारा थांबल्या नाहीत. बारीक, खोलातून, चार तारा बोलत राहिल्या आणि त्यांच्यापाशी कोणाचाही हात नव्हता. ये, म्हणायला बुन्नामने तोंड उघडलं, पण आवाजच फुटेना.

शेजारची खुर्ची करकरली. दोक्सू उठला होता. बापाचा आत्मा आत यावा म्हणून श्राद्धाच्या दिवशी घराचं दार उघडायला जसा जायचा, तसा सावकाश तो मागे गेला आणि हॉलच्या दाराची दोन्ही पानं त्याने सताड उघडली. रस्त्यावरचं ऊन आणि स्कूटरची फटफट आत आली. माणसं वळून बघायला लागली.

दारावरची मुलगी धावली. "आजोबा, काय करताय? कार्यक्रम चालू आहे, दार लावा!"

"बाजूला हो, पोरी." दोक्सूने दाराचं पान धरून ठेवलं. "माझी लेक नऊ वर्षं बाहेर उभी आहे. मीच कडी लावून बसलो होतो."

बुन्नामने पलीकडच्या खुर्चीवर ठेवलेली आपली पिशवी उचलून मांडीवर घेतली आणि ती खुर्ची मोकळी केली.