शेवटी पाहिलेली कोरी प्लेट

अन्न तपासणीच्या त्या प्रयोगशाळेत थोरलीला तेवीस वर्षे झाली होती, आणि तेवीस वर्षांत तिच्या नोंदवहीत खाडाखोड अशी कधी झाली नव्हती. चूक झालीच तर एकच आडवी रेघ मारायची, तीही अशी की खालचे अक्षर वाचता यावे. शेजारी कारण, सही आणि तारीख. खोडरबर त्या खोलीत कोणी बाळगतच नसे. थोरलीच्या वह्यांत अशा रेघा बोटांवर मोजण्याइतक्या होत्या, आणि त्या कोणत्या पानांवर आहेत हे तिला पाठ होते.

दुकानातून आणून थेट तोंडात टाकायचे जे अन्न असते, सॅलडचे डबे, सँडविच, कापलेली फळे, त्याचे पंचवीस ग्रॅम मोजायचे, पोषक द्रवाच्या पिशवीत घालून उबेत ठेवायचे, आणि लिस्टेरिया नावाचा जंतू वाढतो का ते पाहायचे, हे तिचे काम. हा जंतू फ्रिजच्या थंडीलाही भीक घालत नाही. धडधाकट माणूस त्यातून बहुधा निभावतो. गरोदर बाई, म्हातारा किंवा आजारी माणूस प्राणाला मुकू शकतो. आणि असे अन्न कोणी गरम करीत नाही, त्यामुळे मध्ये चूलही आडवी येत नाही.

घरी या कामाचे मोल सासूबाईंनी एका वाक्यात ठरवून टाकले होते. "आमची थोरली जंतू वाढवते, धाकटी माणसं जेवू घालते," असे त्या आल्यागेल्याला सांगत आणि स्वतःच हसत.

धाकटी जाऊ सहा वर्षांपूर्वी घरच्या ओट्यावर सॅलडचे डबे भरू लागली, तेव्हा हात कसे धुवायचे, चीजची फळी आणि भाजीची फळी वेगळी का, फरसबी तिरकी कापली की सारखी कशी शिजते, हे सगळे थोरलीनेच तिला शिकवले होते. आता धाकटीकडे दोन गाळे होते, चौदा बायका होत्या, आणि शहरातल्या मोठ्या रुग्णालयाच्या उपाहारगृहात डबे देण्याचे काम जवळजवळ ठरले होते. अडले होते ते फक्त प्रयोगशाळेच्या अहवालावर. तो शनिवारपर्यंत पोहोचायला हवा होता. शिकवले आपण आणि नाव झाले तिचे, हे थोरलीच्या मनात कुसळासारखे रुतून बसले होते. बोट लावावे तर सापडत नाही, आणि टोचायचे काही थांबत नाही.

नमुने प्रयोगशाळेत नुसत्या क्रमांकाने येत. सोमवारी पाच आले. चौथी पिशवी उचलताच थोरलीला फरसबीचे ते तिरके तुकडे दिसले.

नियम सरळ होता. नमुना नात्यातला वाटला तर हात लावायचा नाही, शेजारच्या टेबलावरच्या चष्मेवाल्याकडे द्यायचा. तिने तो बाजूला ठेवला. उरलेले चार नमुने केले. मग ओळखीचा जंतू मुद्दाम घातलेली पिशवी केली. उबेत जंतू खरोखरच वाढतो आहे ना, याची ती साक्ष. ती सर्वांत शेवटी करायची असते. पण तिचे लक्ष बाजूच्या पिशवीकडे लागलेले. चष्मेवाला जागेवर होता, हाक मारली असती तर उठून आला असता. तिने हाक मारली नाही. आपल्याच हाताने बघू दे तरी, असे मनाशी म्हणून तिने ती पिशवी ओढली आणि मोजली. त्यानंतर राहून गेलेली कोरी पिशवी केली, म्हणजे जिच्यात काहीच घालायचे नसते आणि काहीच उगवता कामा नये ती.

मंगळवारी सगळ्यांतला थेंब थेंब प्लेटांवर गेला. बुधवारी दुपारी तिने चौथ्या क्रमांकाची प्लेट उजेडात धरली. निळसर हिरवे ठिपके, प्रत्येकाभोवती दुधाळ कडे. लिस्टेरियाचा संशय घ्यावा असे हुबेहूब रूप.

तेवीस वर्षांत वाईट निकाल पाहून तिला कधी बरे वाटले नव्हते. त्या दिवशी वाटले. नियमाने कोरी प्लेट आधी पाहायची, ती चळतीच्या तळाशी होती. हवे ते दिसल्यावर तळ कोण धुंडाळतो? चौथ्या क्रमांकापुढे 'संशयित' असे लिहून तिने चळत परत उबेत ठेवली.

संध्याकाळी जेवताना धाकटी नव्या लेबलांचा नमुना सर्वांना दाखवत होती.

"बघा आई, अक्षरं मोठी घेतली. पेशंटांना वाचता यावीत म्हणून."

"हुशार आहेस हो," सासूबाई म्हणाल्या. "थोरले, बघ गं, तुझ्या त्या बाटल्यांवरच्या आकड्यांपेक्षा बरी दिसतात."

थोरलीने लेबल हातात घेतले, उलटेपालटे केले. "इतक्यात छापू नकोस," ती म्हणाली.

"का ओ ताई?"

"काही नाही. एवढंच म्हणते, आठवडाभर थांब."

बोलायचे नसते ते ती बोलून गेली होती. धाकटीचा घास हातातच राहिला.

गुरुवारी सकाळी थोरली कामाला निघाली तर धाकटी दारात चपला घालत होती, पायाशी जंतुनाशकाचे दोन कॅन.

"बायकांना येऊ नका म्हणून कळवलं," ती म्हणाली. "कालचा सगळा माल टाकून देते. भिंतीपासून धुवून काढते."

"अगं, मी तसं कुठं म्हटलं?"

"म्हणायला कशाला पाहिजे? तुम्ही उगाच तोंड उघडत नाही, ताई. या घरात तुमच्याइतकं हे कुणाला कळतं?"

थोरलीला राग आला, आणि तो नेमका कोणाचा हे तिला वाटभर उमगले नाही.

प्रयोगशाळेत पोहोचताच तिने चळत काढली, आणि या वेळी तळापासून सुरुवात केली. कोऱ्या प्लेटवर ठिपके होते. निळसर हिरवे, दुधाळ कड्याचे. चौथ्या प्लेटवरच्यांची सख्खी भावंडे. बाकीच्या चार नमुन्यांच्या प्लेटा स्वच्छ.

ती स्टुलावर बसली आणि सोमवार पुन्हा क्रमाने आठवू लागली. चार नमुने. मग जंतूची पिशवी. मग, हातमोजे न बदलता, चौथा क्रमांक. मग कोरी. जंतू धाकटीच्या गाळ्यातून आलाच नव्हता. तो थोरलीच्या बोटांवरून उतरला होता.

कोरी प्लेट वापरलेल्या प्लेटांच्या उकळत्या भांड्यात टाकली असती तर कोणाला पत्ता लागला नसता. चष्मेवाला पाठमोरा होता. ती प्लेट हातात घेऊन किती वेळ बसली हे नोंदवहीत नाही. नोंदवहीत आहे ती 'संशयित' या शब्दावरची आडवी रेघ आणि शेजारचा मजकूर: 'क्रम चुकला. हातमोजे बदलले नाहीत. नमुना नात्यातला असल्याचे ठाऊक असून हाताळला.' खाली सही.

वही घेऊन ती साहेबांकडे गेली. साहेबांनी मजकूर दोनदा वाचला.

"शेवटचं वाक्य लिहिलं नसतंत तर मला कळलं नसतं, बाई."

"चूक त्याच वाक्यामुळे झाली, साहेब. आणखी एक आहे. मी घरी बोलले."

साहेबांनी पेनाचे टोपण बंद केले. "रुग्णालयाला मुदत वाढवून मागायची तर कारण द्यावं लागेल. पत्रात तुमचं नाव जाईल."

"जाऊ दे."

तीन महिने तिने नमुन्यांना हात लावायचा नाही असे ठरले. फेरतपासणी चष्मेवाल्याकडे गेली. पत्र गेले, मुदत आठ दिवसांनी वाढली.

संध्याकाळी थोरली गाळ्यावर गेली. ओली फरशी, फिनेलचा वास, आणि रिकाम्या टेबलांमध्ये एकटी धाकटी, हात कोपरापर्यंत लाल झालेले. थोरलीने उभ्याउभ्या सगळे सांगितले, हाक का मारली नाही तेसुद्धा. धाकटीने हातातला फडका पिळला.

"दोनशे डबे टाकले मी, ताई."

"माहीत आहे."

"आईंना सांगू नका. त्या आयुष्यभर ऐकवतील तुम्हाला." मग तिने फडका वाळत घातला. "आणि धुवायचं होतंच. कोपऱ्यात किती घाण होती माहितेय?"

थोरलीला वाटले, ही चार शब्द तोडून बोलली असती तर बरे झाले असते. माफ करण्यातही हिचाच हात वर. कुसळ निघाले नव्हते. उलट आणखी आत गेले होते.

पुढच्या आठवड्यात चष्मेवाल्याने फेरतपासणीच्या नव्या नमुन्याची प्लेट लांबूनच तिला दाखवली. आधी कोरी, मग ती. दोन्ही स्वच्छ. तिने मान हलवली आणि बाटल्या धुवायला वळली.

रुग्णालयाला पहिला माल गेला त्या रात्री धाकटीने जेवणाच्या टेबलावर एक डबा तिच्यासमोर ठेवला. सहा वर्षांत थोरलीने त्यातला घासही कधी खाल्ला नव्हता. तिने झाकणावरची तारीख पाहिली, कड दाबून सील तपासले, मग चमचा घातला.

"कसं झालंय?" सासूबाईंनी विचारले.

फरसबी सारखी शिजली होती, तिरकी, पातळ, तिच्यापेक्षाही नेटकी कापलेली.

"मीठ जरा कमी आहे," थोरली म्हणाली, आणि डबा संपवला.