वंशावळीतल्या बायका

"ह्यात बायका कुठायत?"

कुणीही वंशावळ पुढे केली की बाई आधी हेच विचारायच्या. चष्मा कपाळावर सरकवायचा, कागद नाकाला लागेल इतका जवळ धरायचा आणि वरपासून खालपर्यंत बोट फिरवायचं. "सात पिढ्या नुसते पुरुष. मग ही मंडळी काय वेलीला लागली?" समोरचा माणूस ओशाळून हसायचा.

नव्वदच्या दशकात नाशकात जुन्या कागदपत्रांच्या एका कचेरीसमोर माझं टायपिंग आणि झेरॉक्सचं दुकान होतं. बाई त्याच कचेरीतून निवृत्त झालेल्या. आपण पेपर वाचतो तशी त्या मोडी वाचायच्या. घरी करमेना, म्हणून रोज अकराला येऊन माझ्या बाकावर बसायच्या. लोक जुन्या नकला घेऊन यायचे, बाई वाचायच्या, मी टाइप करायचो. दुकान माझं, पण लोक विचारत यायचे ते "मोडीवाल्या बाई कुठं बसतात?" असं. माझा थोडा जळफळाट व्हायचा, खोटं कशाला बोलू.

एकदा सिन्नरकडचे एक अण्णा आले. "बाई, आमचे पंजोबा लय मोठे पाटील व्हते म्हणत्यात. तेवढं काढा बरं."

बाईंनी कागद वाचला. "अण्णा, पाटील नव्हते हो. पाटलानं कुणाचा तरी बांध कोरला होता, त्या भांडणात साक्षीदार होते."

अण्णांचा चेहरा पडला. बाईंनी लगेच सावरून घेतलं. "पण साक्ष पाटलाच्या विरुद्ध दिलीय. धारिष्ट लागतं त्याला!" अण्णांनी त्या कागदाच्या चार झेरॉक्स काढून घेतल्या, भावकीत वाटायला.

अशीच पुढे काही वर्षं गेली. दुकानात कॉम्प्युटर आला, मग इंटरनेटही आलं. एके दिवशी आई माझा डबा घेऊन आली आणि बाईंनी सहज विचारलं, "तुमच्या आईचं माहेर कुठलं हो?"

आईला ते माहीतच नव्हतं. ती पहिलंच मूल, ती वर्षाची असताना तिची आई गेली. वडिलांनी दुसरं लग्न केलं आणि सिन्नरजवळचं गाव सोडून भाजीच्या मळ्यासाठी ते नाशकात आले. सावत्र आईपुढे पहिलीचं नाव काढायची सोय नव्हती. आता सांगायला कुणी उरलंही नव्हतं. "बाई, माझी आई कुणाची लेक होती, एवढं कळलं ना, तरी पुष्कळ झालं," ती म्हणाली. साठी ओलांडलेल्या माझ्या आईला मी इतकं लहान झालेलं कधी पाहिलं नव्हतं.

बाईंनी पदर खोचला. आईची जन्मनोंद मिळाली की पुढचं सापडेल, म्हणून सिन्नरच्या जुन्या जन्म-मृत्यूच्या वह्या आम्ही दोघांनी दोन दिवस चाळल्या. नोंद नाही. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बाईंनी कपाळावर हात मारून घेतला.

"काय मी मूर्ख! तुझी आजी पहिलटकरीण. पहिलं बाळंतपण माहेरी. नोंद सासरच्या गावात कशी असेल?"

"पण माहेरच तर माहीत नाही ना, बाई."

त्या तडक आमच्या घरी आल्या. आईला विचारलं, "सासरी सुनेला माहेरच्या गावावरून हाक मारायचे. तुमच्या आईला काय म्हणायचे?"

"ते नाही ठाऊक. पण माझी आजी, वडिलांची आई, चिडली की मला 'विंचुरणीची पोर' म्हणायची." आई हसली. "मी चावरी होते ना लहानपणी. विंचवासारखी."

बाई हसल्या नाहीत. "अहो, विंचू कसला? विंचूर! विंचूरहून आलेली सून, म्हणून विंचुरीण."

 आई म्हणाली, "म्हणजे आजी माझ्या आईचंच नाव घेत होती. आणि मला ती शिवी वाटायची." आणि तिला रडू फुटलं. मलाही आवरेना.

विंचूरच्या वहीत नोंद सापडली. मुलीचं नाव नव्हतं, बारशाआधीच लिहिलेलं असल्यामुळे नुसतं 'मुलगी'. बापाचं नाव माझ्या आजोबांचं. खबर देणारा, मुलीच्या आईचा बाप दगडू, पुढे आडनाव. मी इंटरनेटवर विंचूरची मतदारयादी उघडली. बाई खुर्ची ओढून पडद्याला नाक लावून बसल्या. "अरे, ह्यात बायका आहेत!" मग दगडूचं राहिलंच बाजूला. पानभर बायकांचीच नावं त्यांनी मोठ्यानं वाचून काढली. तिसऱ्या पानावर सापडले पांडुरंग, वडिलांचं नाव दगडू, वय बहात्तर.

बाईंना जाऊन आता बरीच वर्षं झाली. माझं दुकानही बंद झालं. त्यांची आठवण आली की मला तो बाक आठवत नाही, मोडी आठवत नाही. विंचूरची ती दुपार आठवते.

एसटीनं आम्ही तिघं गेलो. आईचे मामा पांडुरंग कांदाचाळीत कांदे निवडत होते. आईनं आपल्या वडिलांचं नाव सांगितलं, तसा म्हाताऱ्याच्या हातातला कांदा पडला. "आक्काची पोर हाय तू? आगं, तुझा बाप तुला घेऊन कुठं गेला, काय पत्ता नाय. आम्ही लय हुडकलं." मामींनी आईची ओटी भरली. जेवणं झाली. आई आतल्या खोलीत जरा टेकते म्हणून गेली आणि चटईवर गाढ झोपली. आमच्या घरी मी तिला दिवसा आडवी झालेली कधी पाहिली नव्हती.

चार वाजले. मी घड्याळ पाहून उठलो. "बाई, गाडीची वेळ झाली. आईला उठवतो."

बाईंनी माझा हात धरून मला खाली बसवलं.

"गाडी जाऊ दे," त्या हळूच म्हणाल्या. "ती माहेरी आलीय."