फ्लॉपीवरचं कुंकू

आमच्या खालच्या खोलीत एम्ब्रॉयडरीचं मशीन आहे आणि शेजारी एक जुना कॉम्प्युटर. साड्यांची सगळी डिझाईनं त्याच्या डिस्कमध्ये. मी चौथी शिकलेली, मला त्यातलं काही कळत नाही. पण कॉम्प्युटर बंद तर मशीन बंद, आणि मशीन बंद तर मुलगा पांडेसरा भागातल्या कापड रंगवायच्या डाईंग मिलमध्ये जाणार, एवढं कळतं. त्याच्या बापाने उमेदीची वर्षं मिलच्या वाफेत काढली, मग हे मशीन घेतलं, आणि थोडे दसरे पाहून खोकतच गेला.

गणपती उठले आणि कॉम्प्युटर बंद पडला. दुरुस्तीवाला आला. "बा, बोर्ड गेला." सुरतेत म्हातारीला बा म्हणतात, मला सवय झाली आहे. त्याने भंगार बाजारातून तेवढाच जुना दुसरा कॉम्प्युटर आणला. आमच्या डिस्कची रुंद पट्टी बोर्डाला सरळ लागत नाही, मध्ये एक कार्ड लागतं. ते जुन्यातून काढून यात बसवलं. चालेना. त्याने कार्ड दुसऱ्या खाचेत घातलं, वरच्या बारीक काळ्या टोप्या उपसून इकडच्या तिकडे लावल्या. तेव्हा चालू होताना पडद्यावर कार्डाचं नाव दिसलं. डिस्क नाहीच.

"यातल्या जुन्या विंडोजला हे कार्ड ओळखू येत नाही. कार्डाबरोबर त्याच्या प्रोग्रामची एक फ्लॉपी आली असेल, ती पाहिजे."

"मग नवं विंडोज घाल."

"त्यावर तुमचं डिझाईनचं सॉफ्टवेअर चालत नाही, बा. नेटवर पण शोधलं. मिळालं ते या कार्डाला लागू पडत नाही."

मुलगा उठून गॅलरीत गेला. मिलच्या ठेकेदाराला फोनवर सांगत होता, सोमवारपासून येतो. मला ऐकू जात नाही असं त्याला वाटतं.

फ्लॉपी देव्हाऱ्यात होती. दसऱ्याला आम्ही मशीन पुजतो. कात्री, बॉबिन, पाना यांच्या रांगेत माझा नवरा ती फ्लॉपीही मांडायचा. कामाची वस्तू दिसली की तिला कुंकू. तो गेल्यावर ती तिथून कुणी हलवली नव्हती.

दुरुस्तीवाल्याने ती उलटसुलट करून पाहिली. "हे लाल काय?"

"कुंकू."

"फ्लॉपीला?"

"मग काय तुला लावायचं?"

सून हसली. मुलगा हसला नाही.

फ्लॉपी घातली. घर्र घर्र झालं आणि पडद्यावर आलं की वाचता येत नाही. त्याने बाहेर काढून तिचा पत्रा सरकवला. आतल्या काळपट चकतीवर लाल ओघळ सुकला होता. नवरा कुंकू पाण्यात कालवून लावायचा, तेही अंगठा भरून. ते आत उतरलं होतं.

सुनेने स्पिरिट आणि कान साफ करायच्या काड्या आणल्या. तो चकती जरा जरा फिरवत पुसू लागला.

"घासू नको, फाटेल," मी म्हटलं.

"माय, गप ऱ्हाय ना," मुलगा ओरडला. एरवी तो माझ्यावर ओरडत नाही.

पुन्हा घातली. घर्र. थांबली. पुन्हा घर्र. माझ्या हातात बॉबिन होती. तिचा दोरा मी उलगडत बसले होते हे मला पायाशी गुंता झाल्यावर दिसलं. थोड्या वेळाने दुरुस्तीवाला म्हणाला, "घेतली." कॉम्प्युटर बंद करून चालू केला आणि डिस्क दिसली. मुलाने मोराचं डिझाईन उघडलं, मग कोयरीचं, मग वेलीचं. सगळी होती.

"आजच सगळं दुसरीकडे कॉपी करा," दुरुस्तीवाला म्हणाला. "ही फ्लॉपी परत वाचली जाईलच असं नाही."

मुलाने ठेकेदाराला फोन लावला, सोमवारी येत नाही म्हणून. ठेकेदाराचा आवाज मोठा, मला इथपर्यंत आला. "कंई वांधो नहीं. जागा आहे तुझी, कधी पण ये."

मुलाला ते ऐकून बरं वाटलं. मला वाटलं नाही. अजूनही सकाळी तो कॉम्प्युटर चालू करतो तेव्हा डिस्क दिसेपर्यंत मी दारात उभी असते. या दसऱ्याला सून कुंकवाचं ताट घेऊन कॉम्प्युटरकडे निघाली, तेव्हा मी तिला सांगितलं, टिळा भिंतीला लाव.