भिंतीजवळची मेणबत्ती

साखरबाईवर माझा पहिल्यापासून विश्वास नव्हता. हे लिहिताना आज लाज वाटते, पण खरं ते आधी सांगून टाकलेलं बरं. मी इनास तुस्कानो, दौंडचा रिटायर्ड गार्ड. तेहतीस वर्षं गाडीच्या शेवटच्या डब्यात बसून पुढच्या सगळ्या डब्यांवर संशय घेणं हीच माझी नोकरी. ती सवय घरी आली, चर्चमध्ये आली, आणि मी कबरस्तान कमिटीचा सेक्रेटरी झालो तेव्हा तिला मोकळं रानच मिळालं.

आमचं चर्च लहानसं. वसईच्या किनाऱ्यावरून ड्रायव्हर, फायरमन, गार्ड म्हणून आलेल्या माणसांनी ते उभं केलं. माझे आजोबा त्यांतलेच. समुद्र सोडून ही मंडळी या कोरड्या मुलखात आली आणि सुक्या बोंबलांच्या वासावरून रेल्वे कॉलनीत ओळखली जाऊ लागली. पुढे शिरूरकडच्या खेड्यांतून मराठी ख्रिस्ती कुटुंबं कामाला आली. ती मागच्या बाकांवर बसत. कुणी तसं सांगितलं नव्हतं, पण बसत मागेच. मग वाफेची इंजिनं गेली, किनाऱ्यावरची माणसं पांगली. कुणी वसईला परतलं, कुणी कॅनडाला गेलं. त्यांच्या कबरी तेवढ्या इथं राहिल्या.

साखरबाई मागच्या बाकावरची. नवरा हौसराव रेल्वेत गँगमन, रूळ सांभाळणारा. ती चर्च झाडायची, वेदीवरची कापडं धुऊन कडक इस्त्री करायची आणि गाणं सुरू झालं की सगळ्यांच्या आधी वरच्या पट्टीत शिरायची. चिडली की येशूलाही अरेतुरे करायची. कबरस्तानाची किल्ली सव्वीस वर्षं तिच्या कमरेला होती. आत जाताना ती चपला फाटकाबाहेर काढी.

कबरस्तानात जागा संपत आली, तेव्हा आम्ही नियम केला. दोन नोव्हेंबरला, मृतांच्या दिवशी, घरचे लोक कबर साफ करतात, फुलं वाहतात, मेणबत्ती लावतात. ज्या कबरीवर सलग तीन वर्षं मेणबत्ती दिसणार नाही, तिला वाली नाही असं समजून ती नव्या माणसाला द्यायची. नियम सरळ होता. पण तीन वर्षांनी पाहतो तो एकही जागा मोकळी नाही. कॅनडाला गेलेल्यांच्या कबरीवरही मेणबत्ती. म्हटलं, इथं कुठंतरी पाणी मुरतंय.

पुढच्या दोन नोव्हेंबरला मी दुपारपासूनच बाभळीखाली खुर्ची टाकून बसलो. साखरबाई आली. पिशवीतून मेणबत्त्या काढून तिनं अकरा कबरींवर लावल्या. त्या अकरांत तिचं कुणीही नव्हतं.

"कुणासाठी जागा धरताय, साखरबाई?" मी विचारलं. "शिरूरहून सगळा गोतावळा आणून इथं पुरणार की काय?"

ती दचकली नाही. "ज्यांनी जाताना सांगितलं, त्यांच्याच लावती, गार्डसाहेब."

"आणि ती?" अकरावी जागा भिंतीला लागून होती. क्रूस नाही, नाव नाही, नुसता एक चपटा दगड. रजिस्टरात तिची नोंदही नव्हती.

"ती सांगता येत न्हाई."

झालं! माझा संशय पक्का झाला. रविवारी कमिटीपुढे मी सगळं मांडलं, थोडं तिखटमीठ लावूनच. तिची किल्ली काढून घेतली. किल्ली टेबलावर ठेवताना ती एवढंच म्हणाली, "धा जागंचं तुमी बगा. पन तेवढी भिंतीजवळची ऱ्हाऊ द्या." मला हसू आलं. चोर नेमका कशाला जपतो ते कळतंच की! नोंद नसलेल्या जागेला तीन वर्षांची वाट कशाला बघायची? तिच्यासमोरच मी रजिस्टरात ती जागा 'मोकळी' म्हणून लिहिली.

त्यानंतरही ती चर्च झाडायला येत राहिली. माझ्याशी मात्र बोलणं बंद.

फेब्रुवारीत हौसराव गेला. मोकळी जागा एकच होती. मी कबर खणणाऱ्या ज्ञानूला कुदळ घेऊन भिंतीजवळ पाठवलं आणि मागोमाग गेलो. मनात म्हटलं, घ्या, धरून ठेवलेली जागा शेवटी तुमच्याच कामी आली. ज्ञानूनं दगड बाजूला केला तोच साखरबाई चालत आली. नवऱ्याचं प्रेत चर्चमध्ये ठेवून आली होती आणि चपला पायात तशाच होत्या.

"तितं न्हाई," ती म्हणाली.

"मग कुठं? मोठ्या क्रूसाशेजारी हवी का?"

तिनं ज्ञानूला फाटकाकडे पाठवलं. मग माझ्याकडे न बघता बोलली. "तुमच्या आयला शबूद दिला व्हता. आता मोडती. देव बगून घील. तितं तुमची भन हाय."

मला काही कळेना. मी एकुलता एक.

"तुमच्या आदीची पोर. रडलीच न्हाई. बाप्तिस्मा न झाल्यालं लेकरू तवा आत घेत न्हवते. तुमच्या वडलांनी गुपचूप भिंतीकडंला ठिवली. तुमची आय दर साली यायची. शेवटच्या आजारात मला म्हनली, साखर, तू लावत जा, पन इनासला सांगू नगंस, लेक बिननावाची लपवून पुरली म्हनून त्याला बापाचा राग यील."

दर दोन नोव्हेंबरला आजोबांच्या कबरीवरून निघताना आई भिंतीकडे जायची आणि उरलेली फुलं तिथं टाकायची. मी लहानपणी म्हणायचो, आई, कचऱ्यात टाक ना.

त्या क्षणी मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. मी दगड परत जागेवर ठेवायला वाकलो. तिनं दुसरी कड धरली.

आता हौसरावाला कुठं ठेवायचं? वडिलांच्या शेजारी एक जागा होती. सेक्रेटरी झाल्यावर ती मी स्वतःसाठी राखून ठेवली होती, कुणाला न विचारता. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते काही खोटं नाही. ज्ञानूला मी ती जागा दाखवली. हौसराव गँगमन आता माझ्या वडिलांच्या शेजारी आहे. रविवारी मी राजीनामा दिला आणि किल्ली साखरबाईच्या हातात ठेवली. तिनं ती कमरेला लावली आणि इस्त्रीला गेली.

या दोन नोव्हेंबरला अकरांतल्या सहा मेणबत्त्या मी लावल्या, पाच तिनं. भिंतीजवळची तिनं माझ्यासाठी सोडली होती. मी गुडघ्यावर बसलो होतो, तेवढ्यात नवा सेक्रेटरी विनोद वही घेऊन आला. त्यानं दगडाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. ती नजर मी ओळखली. ती माझीच होती.

"काका, वहीत तर ही जागा मोकळी आहे. कोण लागतं तुमचं?"

"बहीण," मी म्हणालो. सदुसष्ट वर्षांत हा शब्द माझ्या घरच्या माणसासाठी मी पहिल्यांदाच उच्चारला. "लिही. नाव ठेवायचं राहून गेलं, पण बहीण लिही."