याडीचा ढावलो

“कोन चाल्लं?”

आमचा गिटारचा कल्ला सुरू झाला की याडी जिन्याशी येऊन हेच विचारायची. कोणीच नाही म्हटलं की म्हणायची, “मंग एवढे बोंबलता कायले?” आणि सुईत दोरा ओवत पुन्हा कामाला बसायची.

शेलूबाजारला माझा दोस्त तौफिक, त्याच्या अब्बांचं गाद्या-रजयांचं दुकान. याडी तिथं जवळच्या तांड्यावरून टाके घालायला यायची. बंजारा बोलीत याडी म्हणजे आई, आणि दुकानात लहानथोर सगळेच तिला तशीच हाक मारत. वरच्या खोलीत आम्हा तिघांचा रॉक बँड होता. तौफिक गिटार वाजवायचा, प्रशांत गायचा, मी ड्रम बडवायचो. आवाज बाहेर जाऊ नये म्हणून भिंतींना रजया टांगल्या होत्या, त्याही तिच्याच हातच्या.

तुमच्याही ओळखीत असं एखादं माणूस असेल. रोज दिसतं, पण त्याच्यात काय दडलंय ते आपल्याला ठाऊक नसतं. आम्ही दोन वर्षं अल्बम करत होतो आणि शेवटचं गाणं काही केल्या जमत नव्हतं. घर सोडून जाणाऱ्या माणसाचं गाणं होतं ते. प्रशांत जीव तोडून ओरडायचा, पण ऐकताना वाटायचं की याचं बोट दारात सापडलंय.

अशातच याडीच्या पुतणीच्या लग्नाला आम्ही मानोऱ्याकडच्या तांड्यावर गेलो. बंजाऱ्यांत नवरी निघताना एकेकाच्या गळ्यात पडून रडत रडत गाते, त्याला ढावलो म्हणतात. पोरीला तो याडीनंच शिकवला होता. ऐन वेळी पोरगी आईच्या गळ्यात पडून नुसती हुंदके देत राहिली, गाणं राहिलंच. तेव्हा मागून याडीनं सूर उचलला. जाडाभरडा, मधेच फाटणारा आवाज, पण काय सांगू, आचारीसुद्धा हातात झारा धरून तसेच उभे राहिले. तौफिकनं माझा हात इतका दाबला की बोटं दुखली. आमच्या गाण्याला हाच आवाज पाहिजे होता.

दुकानात परतल्यावर आम्ही गळ घातली, पण याडी ऐकेना. कोणी जात नसताना ढावलो गायचा नसतो, म्हणाली. तौफिकनं समजावलं की गाण्यातला माणूस जातोय. तर म्हणे त्याले इथं घेऊन या. मग हातातली सुई थांबवून तिनं आमच्या तिघांच्या तोंडाकडं पाहिलं.

“खरं सांगा, तुमच्यातलं कोन जाऊन राह्यलं?”

ते दोघं हसले. मला हसता येईना. पुण्याच्या नोकरीचं पत्र महिनाभर माझ्या बॅगेत होतं. सांगितलं तर बँड मोडेल, या भीतीनं मी दोस्तांपासून लपवलं होतं.

“मी,” म्हणालो.

प्रशांतनं तोंडावर शिव्या घातल्या, त्या बऱ्या वाटल्या. तौफिक गिटार भिंतीला टेकवून खाली उतरला आणि दोन दिवस वर आलाच नाही. याडीनं तेवढं विचारलं, कवा जातं? पंधरा दिवसांनी, म्हटलं.

“मंग त्याच दिवशी गाईन. आज गायली तं खोटं होईन.”

त्यानंतरही चार-सहा दिवस तौफिक मला टाळत होता. शेवटी त्यानं माझ्याशी बोलावं म्हणून याडीनंच त्याला झापलं, रुसायला हेच पंधरा दिवस सापडले का तुला, म्हणाली, तेव्हा कुठं तो पुन्हा गिटार घेऊन बसला.

जाण्याच्या दिवशी माझी बॅग माईकशेजारी होती आणि पुण्याच्या गाडीला दीड तास उरला होता. याडीनं हेडफोन काढून ठेवला. माईकपुढं एकटी उभी राहिली, तर आवाजच निघेना. दोनदा खाकरली, पाणी प्याली, तरी काही नाही. घड्याळ पाहून आमचा धीर सुटत चालला. मग तिनं मला मानेला धरून जवळ ओढलं, माझ्या खांद्यावर डोकं टेकलं आणि गायला लागली. तिच्या बोलीत मला भाऊ म्हणत होती. मी ढसाढसा रडलो. तौफिक खाली मान घालून हळूहळू गिटार वाजवत राहिला. एकदाच झालं, दुसऱ्यांदा घ्यायची गरज पडली नाही.

अल्बम ऐकणारे आजही त्याच गाण्याबद्दल आधी विचारतात, ही बाई कोण? ती नसती तर तो अल्बम म्हणजे तीन पोरांचा धिंगाणा होता, हे मी आनंदानं कबूल करतो. नाव छापायचं म्हटलं तर म्हणाली, हे माझ्या एकटीचं नाही, तांड्याचं लिहा. म्हणून तिचं नाव मीही इथं लिहीत नाही. पण तिचे उपकार गाण्यापुरते नाहीत. ती नसती तर मी दोस्तांना न सांगता चोरासारखा निघून गेलो असतो, आणि आज आम्ही तिघं एकमेकांचे राहिलो नसतो.

गेल्या उन्हाळ्यात याडी गेली. तौफिकचा फोन आला, पण मी पोचेपर्यंत माती झाली होती.

आता मी ते गाणं अगदी शेवटपर्यंत ऐकतो. सूर थांबल्यावरचं बोलणं तौफिक कापणार होता, पण त्याचा हात धजला नाही. गिटार थांबते, माझं नाक ओढणं ऐकू येतं, आणि ओढणीनं माझं तोंड पुसत याडी म्हणते, “झालं. जाय आता बावा, गाडी निंगून जाईन.”