दिल्लीच म्हणायची

माझ्या नवऱ्याला विचारलं, तू कुठला, तर तो पुण्याचा म्हणून सांगतो. आहे तळेगावचा. मी कोथरूडची असल्यामुळे आमचे लग्नापासून यावरून खटके उडत आलेत. त्याचं म्हणणं, नातेवाईक पुण्यात, कॉलेज पुण्यात, मग पुणंच की. बरं बाबा, पुणं तर पुणं. पण एवढ्या भांडवलावर हा माणूस दिल्लीला निघाला, तेव्हा मी कान टवकारायला हवे होते.

तेव्हा आम्ही परदेशात, बिशानला राहत होतो. तो गळ्यात पास अडकवून कंपनीच्या बसने जुरोंग आयलंडवरच्या केमिकल कारखान्यात जायचा, आणि मी विद्यापीठात पोस्टडॉक करत होते. पोस्टडॉक म्हणजे डॉक्टरेट होऊनही दुसऱ्याच्या लॅबमध्ये, दुसऱ्याच्या डोक्यातल्या कल्पनांवर राबायचं. माझे केस पिकायला लागले तेव्हा कुठे दिल्लीला लागून असलेल्या फरिदाबादच्या एका संस्थेकडून मला बोलावणं आलं. स्वतःची लॅब, स्वतःचे विद्यार्थी, दारावर माझ्या नावाची पाटी. ती पाटी मला हवी होती. आयुष्यात दुसरं काही इतकं मागितलं नव्हतं मी.

आणि त्याच सुमाराला नवऱ्याला भारतातल्या एका केमिकल कंपनीने प्लँट हेड म्हणून विचारलं. कुठे, तर दिल्लीला. दोघांना एकाच गावात नोकरी! सासूबाईंनी तळेगावात पेढे वाटले. प्लँट नेमका कुठे, असं मी विचारलं होतं. तो म्हणाला, जरा बाहेर आहे, पण दिल्लीच म्हणायची, एनसीआर. मी मनात चाकण धरलं. कोथरूडच्या बाईला कारखाना म्हटला की चाकणच्या पलीकडचं काही सुचत नाही, हे कबूल.

मग त्याच्या नव्या कंपनीने आम्हाला त्या भागाची ओळख करून देणारं चकचकीत पुस्तक धाडलं. राष्ट्रीय राजधानी क्षेत्र! काय तो थाट. दिल्ली तर होतीच, पण तिच्या भोवतीने हरियाणा, उत्तर प्रदेश आणि राजस्थानातले जिल्हे असे गोळा केले होते, जसे लग्नाच्या फोटोत लांबचे पाहुणे उभे करतात. मुझफ्फरनगरचा ऊस राजधानीत. कर्नालचा बासमती राजधानीत. भरतपूरचे बगळेसुद्धा राजधानीत, त्या बिचाऱ्यांना कुणी विचारलं होतं देव जाणे. पानापानावर काचेच्या इमारती आणि हिरवळीवर धावणारी गोरीगोमटी पोरं. वीज कुठली, पाणी कुठलं, पोलीस कुणाचे, यातलं काही नाही. चार सरकारं मिळून एक शहर चालवतात म्हणे! आमच्या कोथरूडच्या सोसायटीत दोन विंगांचं पाण्याच्या टाकीवरून जमत नव्हतं.

बिशानला आमच्याच ब्लॉकमध्ये दिल्लीच्या म्हणवणाऱ्या तिघी होत्या. एक निघाली गाझियाबादची, दुसरी मेरठची. तिसरी खरोखर दिल्लीची, ती या दोघींशी धड बोलायची नाही. मी गाझियाबादवालीला विचारलं, फरिदाबाद कसं आहे हो राहायला? तिने असं नाक मुरडलं, जसं काही मी नाल्यात घर बघतेय. स्वतः कधी गेली होती का, तर नाही. हा असला यांचा एकजीव महानगर प्रदेश, आणि नाव सगळ्यांचं दिल्ली.

एका रविवारी आम्ही बिशानच्या हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे तिथल्या खाऊगल्लीत, नाश्त्याला बसलो होतो. नवरा कॉफीच्या रांगेत होता आणि त्याचा फोन टेबलावर वाजायला लागला. कंपनीचं नाव दिसलं म्हणून मी उचलला. पलीकडे तिथली एचआरची बाई होती, हिंदीत, अगदी गोड. म्हणाली, बरं झालं मॅडम तुम्हीच भेटलात, घराचं सांगायचं होतं. टाउनशिप प्लँटला लागूनच आहे, अलवर जिल्ह्यात. शेजार चांगला आहे, बायकांची भिशी आहे, योगासनं आहेत.

अलवर. म्हणजे राजस्थान.

मी विचारलं, तिथून फरिदाबादला रोज जाता येईल का? तिला वाटलं मी थट्टा करतेय. रोज कसं जमेल, मॅडम, मध्ये गुडगावचं ट्रॅफिक आहे. आणि मग ती म्हणाली, "पण सरांनी सांगितलंय ना, मॅडम नोकरी करणार नाहीत. म्हणून तर मोठं घर ठेवलंय तुमच्यासाठी."

मी थँक यू म्हटलं. दुसरं काय म्हणणार? नवरा दोन कप घेऊन आला, माझ्या कपात साखर कमी घालायला सांगितली हे आवर्जून सांगितलं त्याने. मी विचारलं, प्लँट अलवरला आहे हे तुला कधीपासून माहीत होतं? पहिल्यापासून, तो म्हणाला. कप खाली ठेवला नाही. मग समजुतीच्या सुरात, जसं लहान मुलाला सांगतात तसं, म्हणाला, "अगं, एवढं मोठं एनसीआर आहे. तुझी लॅब काय, कुठेतरी होईल."

कुठेतरी! माझ्या पाटीला या माणसाने चार राज्यं मोकळी करून दिली होती. मला रडू आलं नाही, संताप आला. पुस्तक छापणाऱ्यांचं सोडा, ते पगार घेऊन खोटं बोलतात. हा माझ्याशी फुकटात बोलला होता. आणि मी नोकरी सोडणार हे त्याने एका परक्या बाईला आधी कळवलं, जिने माझ्यासाठी भिशीसुद्धा बघून ठेवली.

घरी आल्याबरोबर मी फरिदाबादला होकार कळवून टाकला. त्याला सांगितलं, मी रुजू होतेय, तुझं तू बघ. त्याला वाटलं, दोन दिवसांत निवळेल. सासूबाईंचा फोन आला, की दोघं दिल्लीतच तर असणार आहात, मग वाद कसला घालता? मी त्यांना नकाशा समजावून सांगत बसले नाही. तो पुढे गेला, मोठ्या घरात. मी बिशानचा फ्लॅट आवरून, विद्यापीठाचा पास परत करून मागून आले.

फरिदाबादला एका बेडरूमची जागा बघत होते. दलाल किल्ल्या खुळखुळवत माझ्या मागे कुणी येतंय का ते बघत होता. साहेब नाही आले, असं त्याने विचारलं. मी सांगितलं, ते परराज्यात असतात.